मेण आणि जस्त

पहाटेचे पावणेसहा वाजलेत. गोव्यात मांद्र्याच्या या घरामागच्या पडवीत एकच दिवा जळतोय आणि माझी भाची नाकातोंडावर मास्क बांधून पाटावर बसली आहे. पुढ्यात दगडी खल. खलात थोडं खोबरेल, आणि त्यात ती बारीक चाळणीतून पांढरीशुभ्र पूड पाडते आहे. पाहणाऱ्याला पिठीसाखर वाटावी. ही जस्ताची पूड, झिंक ऑक्साइड. श्वासावाटे आत गेलेली चांगली नाही, म्हणून तिला मास्क आणि मी दोन हात लांब.

"बोलू नकोस मावशी, फुंकर लागते."

मी गप्प बसते. माडांपलीकडे समुद्राचा आवाज आहे, संथ, एकसारखा. लाटा आज मोठ्या नाहीत. शिमगा नुकताच झालाय. मार्चमधला समुद्र इथे गुडघ्याएवढ्या, फार तर कंबरेएवढ्या लाटा देतो, आणि मला तेवढ्या पुष्कळ आहेत. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी सर्फिंग शिकायला लागले, त्याला चार वर्षं झाली. हिवाळा सरला की दहा दिवस इथे येते, रोज सकाळी दोन-तीन तास पाण्यात असते, आणि पुण्याला परतते तेव्हा नाकाची साल निघालेली असते, गालांवरचे वांग आणखी गडद झालेले असतात. कितीतरी ट्यूबा वापरून झाल्या. 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेलं एक लोशन गेल्या वर्षी पहिल्या अर्ध्या तासातच कपाळावरून ओघळून डोळ्यांत उतरलं. मीठ आणि लोशन एकदम डोळ्यांत गेलं की काय होतं, ते भोगल्याशिवाय कळत नाही. मागून लाट उठली आहे, फळीवर उभं राहायचा क्षण आलाय, आणि पापण्या उघडत नाहीत. त्या दिवशी मी पडले आणि फळीची कड भुवईवर बसली. तेव्हापासून भाचीने हे काम मनावर घेतलं.

ती बी. फार्म. झालेली आहे. औषध कंपनीतली नोकरी सोडून ती इथे सर्फिंग शिकवायला आली तेव्हा घरात बराच गहजब झाला. पण शिकलेलं वाया गेलेलं नाही, हे मला या पडवीत बसून दिसतंय.

आता ती बत्त्याने घोटायला लागते. गोल, एकाच दिशेने, जराही घाई न करता. सहाणेवर गंध उगाळताना मनगट फिरतं तसं. पूड एकदम सगळ्या तेलात ओतायची नाही. आधी थोडक्या तेलात घोटून तिची मऊ लुगदी करायची, मग ती पुढे मिसळायची. औषधशास्त्रात याला लेव्हिगेशन म्हणतात, असं ती मास्कमधूनच सांगते. वैद्य भस्मं खलतात, त्याच्याशी नातं असलेली ही क्रिया.

"गुठळी राहिली की तिच्या शेजारी भोक राहतं. आणि भोकातून ऊन आत."

वीस मिनिटं ती घोटते. मग बोटाने लुगदीचा एक ठिपका घेऊन जुन्या फोटोफ्रेमच्या काचेवर पातळ पसरते आणि काच दिव्यासमोर धरते. मी वाकून पाहते. दुधाळ पडदा दिसतो, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच लखलखीत ठिपके. तेवढ्या जागी जस्त नाही. चेहऱ्यावर हेच भोक कुणाला दिसलं नसतं. ती काच पुसते आणि पुन्हा घोटायला बसते. मला काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं की मेण वितळवलं, पूड ढवळली, झालं. इंटरनेटवर हजारो जण तसंच करतात आणि डबीवर स्वतःच्या हाताने आकडाही लिहितात, 'एसपीएफ 30'. त्या काचेसमोर उभं राहिल्यावर त्या आकड्याची मला भीती वाटते.

चुलीकडे आता दुसरं काम सुरू आहे. पातेल्यात उकळतं पाणी, पाण्यात स्टीलची वाटी, वाटीत मधमाशीचं मेण. ते साधारण 63 अंशांना वितळतं. त्यात भिरंडेल जातं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. सिंधुदुर्गात मुठेल म्हणतात, मुठीत वळलेले त्याचे गोळे असतात आणि पायांच्या भेगांवर ते लावतात. पहिले काही घाणे भाचीने नुसत्या खोबरेलात आणि मेणात केले होते. खोबरेल 24 अंशांनाच पातळ होतं, म्हणजे गोव्यात जवळजवळ वर्षभर ते पातळच. दुपारी वाळूवर ठेवलेल्या पिशवीत डबीतला सगळा ऐवज पाणी होऊन बसला. भिरंडेल चाळिशीच्या आसपास वितळतं, म्हणून ते उन्हात धीर धरतं आणि अंगाला लागलं की मऊही होतं. विलायती पाककृतींमध्ये याच कामाला कोकोचं लोणी सांगितलेलं असतं. कोकमाचं झाड दाराशी असताना कोको कशाला?

ती 'घाणा' हाच शब्द वापरते. वहीत प्रत्येक घाण्याला क्रमांक आहे. आजचा अकरावा: 100 ग्रॅमला जस्त 25, मेण 25, भिरंडेल 20, खोबरेल 30. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर सगळं मोजलेलं. जस्तही तिने सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाचंच मागवलं आहे, कारण कारखान्यांत वापरायच्या पुडीत शिशासारखे धातू असू शकतात.

मालकीणबाई मागच्या दाराने आत येतात. आम्ही त्यांना काकी म्हणतो. सत्तरी ओलांडलेली आहे, आंघोळ झालेली आहे, केस ओले. कोनाड्यातला छोटा आरसा आणि डबी घेऊन त्या उंबऱ्यावर टेकतात. डबीतलं मेण अनामिकेवर घेऊन कपाळावर गोल टेकवतात, बोटाने कडा सारख्या करतात, आणि त्यावर कोरडं कुंकू दाबतात. वरचं सुटं कुंकू हलकेच झटकतात. गोल तसाच, रेखीव.

माझ्या आजीकडे असाच करंडा होता. टिकल्या आल्या आणि मेणाच्या डब्या घराघरांतून गेल्या. मी हे कितीतरी वर्षांनी बघते आहे. भाचीचा हात ढवळता ढवळता थांबतो.

"काकी, घामाने जात नाही?"

"मेण नासल्यार कुंकूम रावना गो," काकी म्हणतात. मेण नसेल तर कुंकू टिकत नाही. एवढं बोलून त्या विहिरीकडे निघून जातात.

गेले वर्षभर ही मुलगी जे शोधते आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे. रंग टिकवायचं काम रंग करत नाही, त्याखालचं मेण करतं. आणि मेण स्वतः ऊन अडवत नाही, ते फक्त धरून ठेवतं. अडवणं वेगळं, टिकणं वेगळं. बाजारातल्या ट्यूबांवरचा मोठा आकडा अडवण्याचा असतो. लाटेखाली आपण हरतो ते टिकण्यात.

लुगदी वितळलेल्या मेणात पडते. इथून पुढचा भाग सगळ्यांत कठीण, कारण जस्त तेलाच्या सहापट जड आहे. ढवळणं थांबलं की ते तळाशी बसतं. मग डबीच्या वरच्या थरात नुसतं मेण आणि तळाशी जस्ताचा गाळ. महिनाभर आपण नाकाला मेणच चोपडत राहू आणि कळणारही नाही. म्हणून वाटी आचेवरून उतरवून ती गार पाण्याच्या परातीत ठेवते आणि ढवळत राहते. मिश्रण बासुंदीसारखं होतं, मग श्रीखंडासारखं. त्या क्षणी ते पत्र्याच्या चपट्या डब्यांत भरायचं. मनगट दुखतं म्हणून मध्ये दोन मिनिटं ती चमचा माझ्या हाती देते, आणि नजर वाटीवरून हटवत नाही.

ढवळताना ती बेंजामिन ग्रीनची गोष्ट सांगते. अमेरिकेत मायामीला औषधांचं दुकान चालवणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर उन्हात सापडणाऱ्या सैनिकांना एक लालसर, चिकट पेट्रोलियम मलम देत, मूळचं जनावरांसाठीचं. लागायला घाणेरडं, पण जागचं हलायचं नाही. ग्रीनने 1944 च्या सुमाराला त्यात कोकोचं लोणी आणि खोबरेल घालून ते अंगाला सोसेल असं केलं. बायकोच्या चुलीवर ते शिजवलं आणि स्वतःच्या टकलावर लावून पाहिलं, असं सांगतात. पुढे त्यातूनच कॉपरटोन निघालं. भाचीला हा माणूस जवळचा वाटतो, आणि मलाही.

साडेसहा. आता चेहऱ्याची पाळी, पण आधी डबी नाही. आधी ट्यूब. मला हे अनपेक्षित आहे.

"घरचं वर, तपासलेलं खाली," ती ठामपणे सांगते. "माझ्या घाण्याचा एसपीएफ किती ते मला माहीत नाही. ते प्रयोगशाळेत माणसांच्या पाठीवर तपासतात. काचेवर कळत नाही."

ती दोन बोटांवर लांबलचक लोशन काढून देते. चेहरा आणि मान मिळून एवढं. आकडा ठरवताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावलेलं असतं; माणसं त्याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग 50 चा आकडा कागदावरच राहतो. आकड्याचा हिशेब तसा सरळ आहे: 30 म्हणजे त्वचा लाल करणारे सुमारे 97 टक्के किरण अडले, 50 म्हणजे 98. एका टक्क्यासाठी केवढी जाहिरात! ट्यूबेवर 'वॉटरप्रूफ' हा शब्द नाही, तो अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये बादच केला, कारण पाण्यात कायम टिकणारं असं काही नसतंच. लिहायचं ते 'पाण्यात 40 मिनिटं' किंवा '80 मिनिटं'. आणि ती 80 मिनिटं कशी मोजतात? वीस मिनिटं टाकीतल्या पाण्यात, पंधरा मिनिटं बाहेर, पुन्हा वीस मिनिटं पाण्यात, अशा चार फेऱ्या. अंग टॉवेलने पुसायचं नाही. त्या टाकीत लाट नसते. फळीवर घासणारी हनुवटी नसते, नाकातोंडात गेलेलं पाणी पुसणारा हात नसतो.

लोशन पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. तेवढ्यात आम्ही माडांतून खाली उतरतो. पूर्वेला आत्ता कुठे उजाडलं आहे. मतलई वारा सुटला आहे, जमिनीकडून समुद्राकडे, आणि त्याने लाटांचे माथे कंगव्याने विंचरल्यासारखे गुळगुळीत केलेत. दहाच्या पुढे हा वारा पडेल, खारे वारे सुरू होतील आणि पाणी विस्कटेल. वाळूत वन खात्याने जाळी लावलेलं कासवाचं घरटं आहे. त्याला वळसा घालून आम्ही पुढे जातो.

आता डबी. अकराव्या घाण्याचं पांढरं बोटाला मऊ लागतं, पण वितळत नाही. "थाप, घासू नकोस. घासलंस तर खालचं निघेल." मी थापते: नाकाचा दांडा, गालांची हाडं, वरचा ओठ, कानांच्या पाळ्या, डोळ्यांखालची हाडाची कड. पापण्यांना आणि भुवयांच्या वर काही नाही. तिथून ओघळलं तर थेट डोळ्यांत. तळहाताला तर मुळीच नाही. लावायचं बोटाच्या टोकाने किंवा मुठीच्या पाठीने, आणि मग हात ओल्या वाळूत चोळून काढायचे. तेलकट हात फळीच्या कडेवरून निसटतो, आणि पकड सुटली की माणूस आपटतो. बाकी अंगाला लांब बाह्यांचा लायक्रा आहे. कापड न धुपणारं आहे, न ओघळणारं. जिथे कापड पोचतं तिथे मलमाचा विचारच करू नये असं मला आता वाटतं.

"मावशी, पोटरेक लावलंस मां?"

भाचीबरोबर शिकवणारा मुलगा मालवणकडचा आहे. फळी खांद्यावर घेऊन तो माझ्या पायांकडे बघतोय. पोटऱ्या राहिल्यात. फळीवर पालथं पडून हात मारताना तासन्‌तास आभाळाकडे असतात त्या मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या, आणि माणसं विसरतात ती नेमकी तीच. त्याच्या नाकावर पांढरा पट्टा आहे, क्रिकेटच्या मैदानात दिसतो तसा.

आजच्या वर्गात गावातली एक मुलगी आहे, बारा-तेरा वर्षांची. ती डबीकडे बघत मागे सरते. घरी आई म्हणते, समुद्रावर जाऊ नकोस, काळी होशील. भाची तिच्यापुढे गुडघ्यांवर बसते. "हे गोरं होण्यासाठी नाही. तुझा रंग चांगलाच आहे. साल भाजू नये म्हणून हे लावायचं." आणि मुलीच्या नाकावर, गालांवर दोन पांढरे पट्टे ओढते. मुलगी मोबाईलमध्ये स्वतःला बघते आणि पाण्याकडे पळत सुटते. आपल्याकडे उन्हापासूनचं मलम वर्षानुवर्षं गोरेपणाच्या नावाखाली विकलं गेलं, आणि त्यात कितीतरी मुली समुद्रापासून तोडल्या गेल्या. मला त्याचा मनापासून राग आहे. सावळ्या कातडीला स्वतःचं थोडं संरक्षण असतं, पण तीही भाजते, तिच्यावरही वांग उमटतात, आणि तीन तासांच्या उन्हापुढे ते थोडकं संरक्षण पुरत नाही.

पाणी गार आहे. पहिली लाट छातीवर फुटते, दुसरी डोक्यावरून जाते. मी वर येते, चेहरा पुसायला हात उचलते आणि आवरते. पुसायचं नाही. पाणी आपोआप ओघळतं, गालांवरून थेंब थेंब होऊन, अळवाच्या पानावरून ओघळावं तसं. डोळे चुरचुरत नाहीत. मी डोळे उघडे ठेवून मागे वळून बघू शकते. एवढंच मला हवं होतं: लाट येताना दिसावी.

फळीवर बसून आम्ही वाट बघतो. सूर्य झाडांच्या वर आलाय. इथे बसल्यावर ऊन दोन्हीकडून लागतं. समुद्राचा फेस अतिनील किरणांपैकी सुमारे 25 टक्के परत फेकतो, कोरडी वाळू 15 टक्के. आणि पाण्यात अर्धा मीटर खालीही पृष्ठभागावरचे 40 टक्के किरण पोचतात. म्हणजे बुडी मारली म्हणून सुटका नाही. पांढरं जस्त हे किरण आरशासारखं परतवतं असा समज आहे. खरं तर त्यातले बहुतेक ते शोषून घेतं. पांढरेपणा हा त्याचा दिसणारा भाग.

पण त्या दिसण्याचं मोल मला आत्ता पाण्यात कळतंय. मालवणचा मुलगा माझ्या शेजारून हात मारत जातो आणि ओरडतो, "नाकाचा टोक गेला तुझा!" पारदर्शक लोशन गेलं की कुणाला दिसत नाही, आपण तासभर उघड्यावर बसतो. पांढरं गेलं की समोरचा सांगतो. मी घड्याळ बघते. सत्तावन्न मिनिटं. गालांवरचं आहे, कानांवरचं आहे. नाकाचं टोक मात्र प्रत्येक बुडीत फळीवर घासलं होतं.

मी किनाऱ्यावर येते. नाकाला पुन्हा लोशन, त्यावर पुन्हा जस्त. जवळच रापण ओढायचं चाललंय. दोन्ही टोकांना माणसं दोर खांद्यावर घेऊन मागे मागे सरकताहेत. त्यांतल्या एका वयस्क माणसाच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसाची पातळ पाकळी सरकलेली दिसते. वर्षानुवर्षांचं ऊन, वारा, मीठ. परदेशात याला सर्फर लोकांचा डोळा म्हणतात. आमच्या किनाऱ्यांवर तो त्याच्या कितीतरी आधीपासून मच्छीमारांचा आहे. मलम डोळ्याला लावता येत नाही. भाचीने त्यांना मागे रुंद कडेची टोपी आणून दिली होती. ती आज त्यांच्या डोक्यावर आहे, हनुवटीखाली नाडी बांधून.

साडेनऊला वारा पडतो. भाची सगळ्यांना बाहेर बोलावते. आणखी थोडा वेळ म्हणून मुलं हट्ट करतात, पण ती ऐकत नाही. मार्चच्या दुपारी इथला अतिनील निर्देशांक 11 च्या वर जातो. त्या उन्हात टिकण्यासाठी तिने कुठलाच घाणा केलेला नाही.

घरी आल्यावर साबणाने चेहरा धुते. पांढरं हलत नाही. पुन्हा साबण. तसंच. भाची हसते आणि वाटीत खोबरेल देते. तेलाने लावलेलं तेलानेच निघतं: तेल चोळून, मऊ कापडाने पुसून, मग साबण. कापडावर पांढरे पट्टे उतरतात. आरशात नाकाचं टोक किंचित तांबूस दिसतंय, पण उन्हाचं खरं उत्तर लगेच येत नाही, रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशी येतं. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा आरसा बघते.

दिवेलागणीला तांबूसपणा टोकापुरताच आहे. गाल, कान, मान नेहमीसारखे. पोटऱ्याही.

पडवीत भाचीने वही उघडली आहे. अकराव्या घाण्यापुढे ती लिहिते: 57 मिनिटं, नाकाचं टोक, घर्षण. मेण वाढवलं तर चिकटेल जास्त, पण पसरणार नाही, पट्टे पडतील आणि मधे पुन्हा भोकं. कमी केलं तर दुपारी वितळेल. पेन्सिल दातांत धरून ती विचार करते आहे.

काकी तुळशीपाशी दिवा लावून आत येतात. सकाळपासून त्यांनी विहिरीचं पाणी ओढलंय, मासळीला मीठ लावलंय, दोन वेळा चुलीपुढे बसल्यात. पदर घामाने ओला आहे. कपाळावरचं कुंकू मात्र सकाळी लावलं तसंच आहे, गोल, कड न मोडलेलं. भाची मान वर करून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहते.

"काकी, तुमच्या मेणात तेल किती घालता?"

काकी डबी आणायला आत जातात. भाची वहीचं नवं पान उघडते आणि वर आकडा घालते: 12.